साक्षीदाराचं म्हणणं, मालकाचं म्हणणं

प्रश्न असा होता:

‘द विटनेस इन्सिस्टेड दॅट द वॉचमन ____ ॲट द गेट दॅट नाइट.’
(१) बी (२) वॉज (३) वेअर (४) शुड बी

तिनं ‘वॉज’ निवडलं. उत्तरतालिकेत ‘बी’ होतं. सराव चाचणी स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरभरतीच्या, पदवीधर परीक्षेच्या पहिल्या टप्प्याच्या धर्तीवर होती. तिथं इंग्रजीचे २५ प्रश्न असतात, प्रत्येकाला २ गुण, आणि चुकलं की ०.५० वजा. म्हणजे दोन गेले ते गेलेच, वर अर्ध्याचा दंड.

मी सदाशिव पेठेत अभ्यासिकेतल्या मुलांना इंग्रजी शिकवते. ही मुलगी बार्शीची, तीन वर्षांपासून पुण्यात. चाचणी दुसऱ्या एका क्लासची होती. ती मोबाइलवर स्क्रीनशॉट घेऊन आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “मॅडम, हे मला पटत नाही, पण नियम तर तसाच आहे.”

क्लासनं दिलेलं स्पष्टीकरण एका ओळीचं होतं. इन्सिस्ट, सजेस्ट, रेकमेंड, डिमांड, प्रपोज यांच्यामागून ‘दॅट’ आलं की पुढे व्ही-वन, म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप, आणि ‘टू बी’चं व्ही-वन म्हणजे ‘बी’. तिच्या वहीतही हेच होतं, लाल चौकटीत. मी स्वतः काही वर्षं असंच शिकवलेलं आहे, त्यामुळे दुसऱ्यांना नावं ठेवताना जरा जपूनच बोलते.

मी तिला विचारलं, “‘वॉज’ का निवडलंस?”

“साक्षीदार सांगतोय ना, की वॉचमन त्या रात्री गेटवर होता म्हणून. तो कुठं मागणी करतोय?”

तिचं बरोबर होतं. उत्तरतालिका चुकली होती.

‘इन्सिस्ट’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. एक आग्रह धरण्याचा: अमुक झालंच पाहिजे. दुसरा ठामपणे सांगण्याचा: अमुक झालंच आहे, तुम्ही माना न माना. पहिल्या अर्थानं आलं तर पुढच्या वाक्यात सबजंक्टिव्ह, म्हणजे काळाचा कुठलाही प्रत्यय न लागलेलं मूळ रूप. दुसऱ्या अर्थानं आलं तर तिथं एक साधी हकिकत असते, आणि हकिकतीला तिचा काळ लागतो. आता त्याच वाक्यात ‘विटनेस’ काढून ‘ओनर’ घाला. ‘द ओनर इन्सिस्टेड दॅट द वॉचमन बी ॲट द गेट दॅट नाइट.’ हे वाक्य अगदी ठीक आहे. मालकाला तसं सांगायचा अधिकार आहे, आणि ‘त्या रात्री’ म्हणजे तेव्हा येणारी रात्र. एक नाम बदललं आणि उत्तर बदललं. क्रियापद होतं तिथंच आहे. तेव्हा नियम क्रियापदांच्या यादीत कसा असेल?

कुणी म्हणेल, साक्षीदारही मागणी करू शकतो. व्याकरणाच्या दृष्टीनं करू शकतो, मी नाही म्हणणार नाही. पण तसं धरलं तर प्रश्न आणखीच फसतो. मागणीचा अर्थ घेतला की ‘बी’ जितकं बरोबर तितकंच ‘शुड बी’ही बरोबर. ब्रिटिश इंग्रजीत अशा ठिकाणी ‘शुड’ घालून बोलणं रुळलेलं आहे, अमेरिकन इंग्रजीत नुसतं मूळ रूप जास्त चालतं, आणि आपल्या परीक्षांमध्ये दोन्ही शिकवलं जातं. म्हणजे प्रश्नकर्त्याचाच अर्थ मान्य केला तर पहिला आणि चौथा असे दोन पर्याय बरोबर येतात. एकच उत्तर निघायचं असेल तर ते फक्त ‘वॉज’नं निघतं.

हे सगळं तिनं क्लासच्या ग्रुपवर हरकत म्हणून लिहिलं. खऱ्या परीक्षेत उत्तरतालिकेवर हरकत घ्यायला मुदत असते, स्टाफ सिलेक्शनमध्ये तर प्रश्नागणिक शुल्कही भरावं लागतं, तेव्हा हरकत मुद्देसूद लिहिण्याचा सराव झाला तर वाईट नाही असा माझा हिशोब. उत्तर आलं: ‘रूल इज रूल. शंका घेत बसू नका, ट्रिक पाठ करा.’ पुढच्या बॅचच्या संचात मात्र तो प्रश्न नव्हता. कुणी काही बोललं नाही.

इथपर्यंत हे एका चुकलेल्या प्रश्नाचं प्रकरण होतं. पण त्यानंतरच्या दोन आठवड्यांत जे झालं त्यामुळे मला ते लिहावंसं वाटलं.

पुढच्या चाचणीत तिचे याच भागातले तीन प्रश्न चुकले.

पहिला: ‘हर पेल फेस सजेस्टेड दॅट शी ____ इल.’ तिनं ‘बी’ निवडलं. उत्तर ‘वॉज’.

दुसरा: ‘ही आस्क्ड मी इफ द ट्रेन ____ लेट.’ तिनं ‘वेअर’ निवडलं. उत्तर ‘वॉज’.

तिसरा: ‘इफ आय वेअर अ बर्ड, आय ____ टू यू.’ तिनं ‘वुड हॅव फ्लोन’ निवडलं. उत्तर ‘वुड फ्लाय’.

पहिल्या दोन चुका तिनं महिन्यापूर्वी केल्या नसत्या. चेहरा काही सुचवत नसतो, म्हणजे सल्ला देत नसतो, हे तिला कळत होतं. पण अर्थ बघून उत्तर दिलं तेव्हा अडीच गुणांचा फटका बसला होता, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलानं डोळे मिटून ट्रिक लावली तर त्याला दोन मिळाले होते. तिनं त्यातून धडा घेतला: विचार करायचा नाही. ‘सजेस्ट’ दिसलं, व्ही-वन. ‘इफ’ दिसलं, ‘वेअर’. चुकीच्या उत्तरतालिकेनं एक प्रश्न खाल्ला ते सोडा, पण तिची चांगली सवय मोडली, आणि ते नुकसान कुठल्या गुणपत्रिकेत दिसत नाही.

‘इफ’चं आधी निस्तरलं, कारण ते सोपं. ‘इफ’ दोन कामं करतं, ‘जर’चं आणि ‘की नाही’चं. ‘गाडी उशिरा आहे का, असं त्यानं विचारलं’ यात कल्पना कसलीच नाही, साधी चौकशी आहे. शिवाय ‘जर’चं काम करतानाही दरवेळी ‘वेअर’ येत नाही. ‘इफ ही वॉज ॲट होम येस्टरडे, ही डिड नॉट ओपन द डोअर’ म्हणजे काल तो घरी असेलही, मला माहीत नाही. ‘वेअर’ येतं ते आपल्याला माहीत आहे की तसं नाही, तेव्हा. मी पक्षी नाही, तू मी नाहीस, ती घराची मालकीण नाही तरी मालकिणीसारखी वागते.

पक्षाच्या प्रश्नावर मात्र मी अडले, आणि त्याचं कारण मला मराठीत सापडलं. आपण म्हणतो, ‘मी पक्षी असते तर उडून आले असते.’ आत्ताची कल्पना आहे. आणि ‘काल गाडी मिळाली असती तर आले असते.’ ही कालची. दोन्हीकडे मागचा तुकडा एकच, ‘आले असते’. मराठीचा संकेतार्थ इथं आज आणि काल यांत भेद करत नाही, संदर्भावर सोडून देतो. इंग्रजीत आजच्या कल्पनेला ‘वुड फ्लाय’, कालच्या हुकलेल्या गोष्टीला ‘वुड हॅव फ्लोन’. ‘आले असते’चं शब्दाला शब्द लावून भाषांतर केलं की हात आपोआप ‘वुड हॅव’कडे जातो. ही मुलं आळशी असतात म्हणून चुकत नाहीत. मराठी नीट येते म्हणून चुकतात. यावर उपाय एवढाच, की ‘तर’च्या अलीकडच्या भागाला विचारायचं: आजची गोष्ट की कालची? तिथं ‘वेअर’ असेल तर पलीकडे ‘वुड’ आणि मूळ रूप, ‘हॅड बीन’ असेल तर ‘वुड हॅव’. एखाद्या वाक्यात काल आणि आज मिसळतात, पण परीक्षेत ते क्वचित.

आता ‘सजेस्ट’.

मी तिला म्हटलं, “रजेचा अर्ज लिहिला आहेस ना शाळेत? शेवटी काय लिहायचीस?”

“तरी माझी रजा मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती.”

“‘यावी’ का? ‘आली’ का नाही?”

“अजून मंजूर कुठं झालीये?”

हाच सबजंक्टिव्ह. ‘दॅट माय लीव्ह बी ग्रँटेड’ यातलं ‘बी’ म्हणजे आपल्या ‘यावी’तला ‘व’. मराठीच्या पेपरसाठी या मुलांना क्रियापदाचे चार अर्थ तोंडपाठ असतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. वाख्यात, म्हणजे क्रियापदाचं ‘व’ लागलेलं रूप, ओळखून दाखवा म्हटलं तर झोपेत ओळखतील. आणि तरी इंग्रजीच्या तासाला सबजंक्टिव्ह म्हणजे जणू दुसऱ्या ग्रहावरची गोष्ट, असं धरून आपण त्यांच्या हातात यादी देतो. सोसायटीच्या ठरावात ‘नेमणूक करण्यात यावी’ लिहिणाऱ्याला ‘दॅट ही बी अपॉइंटेड’ परकं वाटायचं कारण नाही. उलट इंग्रजी ज्याची मायबोली आहे अशा माणसाला ते अवघड, कारण त्याच्या भाषेत या रूपाची झीज होत होत आता मुख्यतः तीन खुणा उरल्या आहेत: तो-ती-ते असताना क्रियापदाचा ‘एस’ गळतो, ‘इज’च्या जागी ‘बी’ येतं, आणि ‘वॉज’च्या जागी ‘वेअर’. ‘आय सजेस्ट दॅट दे गो’ यात सबजंक्टिव्ह आहे की नाही हे रूपावरून सांगताच येत नाही. म्हणून तर प्रश्नकर्ते या भागावर प्रश्न काढताना कर्ता बहुधा एकवचनी घेतात किंवा ‘बी’ घालतात. दुसरं काही घेतलं तर विचारायला फारसं उरत नाही.

तिला मी कसोटी दिली: रिकामी जागा मराठीत म्हणून बघ. ‘व’ आला तर व्ही-वन. ‘होता, आला, करतो’ आलं तर काळ लाव.

साक्षीदार: ‘वॉचमन गेटवर होता असं त्याचं म्हणणं.’ काळ. मालक: ‘वॉचमननं गेटवर असावं असं त्याचं म्हणणं.’ व्ही-वन. गंमत बघा, आपल्या ‘म्हणणं’ या शब्दाला ‘इन्सिस्ट’सारखेच दोन्ही अर्थ आहेत आणि आपला कुणाचाच कधी गोंधळ होत नाही. ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट शी ड्रिंक मोअर वॉटर’: ‘तिनं पाणी जास्त प्यावं.’ व्ही-वन. छान चाललं होतं.

मग तिनं चेहऱ्याचं वाक्य म्हणून बघितलं: “तिच्या उतरलेल्या चेहऱ्यावरून ती आजारी असावी असं वाटत होतं.” आणि माझ्याकडे बघितलं. “मॅडम, ‘व’ आला.”

आला खरा. पाच मिनिटांपूर्वी काढलेली कसोटी पहिल्याच खडतर वाक्यावर आपटली. (तिनं ‘ती आजारी आहे हे चेहऱ्यावरून कळत होतं’ असं म्हटलं असतं तर मी सुटले असते, पण मग ही त्रुटी मला परीक्षेनंतर कळली असती.)

पण उत्तर मराठीतच होतं. ‘ती घरी असावी’ आणि ‘तिनं घरी असावं’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिला तर्क, दुसरी अपेक्षा. तर्कात कर्ता मोकळा असतो आणि क्रियापद त्याच्यामागे फिरतं: तो असावा, ती असावी, ते असावेत. अपेक्षेत कर्त्याला ‘ने’ चिकटतो आणि ‘असावं’ जागचं हलत नाही. कर्तरी आणि भावे. हेही त्यांना पाठ असतं, फक्त मराठीच्या वहीत. तेव्हा कसोटी सुधारली: नुसता ‘व’ पुरत नाही. माणूस कर्ता असेल तर त्याला ‘ने’ लागलाय का ते बघ. लागला तर मागणी, व्ही-वन. नाही लागला तर थांब आणि विचार कर. ‘रजा मंजूर करण्यात यावी’सारख्या वाक्यात ‘ने’ नसतो, पण तिथं ती करायला सांगितलेली गोष्ट आहे हे उघड दिसतं.

तरीही ही कसोटी सगळीकडे चालत नाही, आणि जिथं चालत नाही ती ठिकाणं मी तिला आधीच दाखवून ठेवली. नाहीतर एक ट्रिक काढून दुसरी ट्रिक दिल्यासारखं झालं असतं.

‘त्यानं यावं असं मला वाटतं.’ ‘ने’ आहे, ‘व’ आहे, पण इंग्रजीत ‘आय वाँट हिम टू कम’. ‘वाँट’च्या मागे ‘दॅट’ लावायची पद्धत नाही, त्यामुळे प्रश्नच उद्भवत नाही. कसोटी वापरायची ती समोर ‘दॅट’ असेल तेव्हाच. ‘होप’ही तसंच हुलकावणी देतं. ‘तो पास व्हावा अशी आशा आहे’ म्हणताना आपण ‘व’ वापरतो, इंग्रजीत मात्र ‘आय होप दॅट ही पासेस’, ‘एस’सकट. आशा ही त्यांच्या लेखी मागणी नव्हे. ‘विश’ तिसऱ्याच वाटेनं जातं, त्याला भूतकाळासारखं रूप लागतं: ‘आय विश ही वेअर हिअर.’ बोलताना इंग्रज ‘वॉज’ही म्हणतात आणि त्यात कुणी त्यांना हटकत नाही, पण परीक्षेत पर्यायांमध्ये ‘वेअर’ असेल तर तेच घ्यायचं. ‘इट इज हाय टाइम वी लेफ्ट’ला मराठीचा काहीच उपयोग नाही. आपण म्हणतो ‘आता निघायला हवं’, इंग्रजीत ‘लेफ्ट’. पाठ कर, मी म्हटलं. काही गोष्टी पाठच कराव्या लागतात. ‘लेस्ट’चंही तेच: ‘शुड’ किंवा मूळ रूप, आणि ‘नॉट’ घालायचं नाही, कारण नकार ‘लेस्ट’च्या पोटातच आहे.

एक गोष्ट बाहेरच्या परीक्षांबद्दल. परदेशी जाणारी मुलं हा भाग विचारतात म्हणून सांगते. टोफेल या परदेशी विद्यापीठांना लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची २००५मध्ये इंटरनेटवरची आवृत्ती आली तेव्हा त्यातून व्याकरणाचा स्वतंत्र विभाग गेला. जीमॅट या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेच्या २०२३च्या नव्या आवृत्तीतून वाक्यसुधारणेचे प्रश्न गेले, ज्यांत ‘रेकमेंडेड दॅट’ हमखास असायचं. आपल्याकडच्या भरती परीक्षांत रिकाम्या जागा आणि चूक शोधा आहेतच, त्यामुळे हा विषय इतक्यात सुटत नाही.

चूक शोधायच्या प्रश्नांत तिचा हात लवकर बसला. ‘इट इज एसेन्शियल दॅट एव्हरी कॅंडिडेट ब्रिंग्ज हिज ॲडमिट कार्ड.’ पूर्वी ती यात चूक नाही म्हणाली असती. आता पुटपुटली, ‘प्रत्येक उमेदवारानं आणावं’, आणि ‘ब्रिंग्ज’वर बोट ठेवलं. ‘द रिपोर्ट सजेस्ट्स दॅट द ब्रिज इज वीक’ यात मुद्दाम चूक नव्हती. तिनं ‘पूल कमकुवत आहे’ म्हटलं आणि ‘चूक नाही’ला खूण केली. एकेका वाक्याला पाऊण मिनिट लागलं. तासाभरात १०० प्रश्न सोडवायचे असतात तिथं पाऊण मिनिट जास्त आहे, हे ती लगेच म्हणाली. खरं आहे. महिनाभर रोज दहा वाक्यं म्हटली की पुटपुटणं बंद होतं, तेवढा वेळ तिच्याकडे होता.

नंतरच्या चाचणीत या भागातले चार प्रश्न आले. तीन बरोबर आले. चुकलेलं वाक्य असं: ‘हर फादर इन्सिस्टेड दॅट शी ____ अलोन.’ वडिलांचा आग्रह, मागणी, सगळं तिला बरोबर कळलं होतं. पर्यायांत ‘डिड नॉट गो’, ‘डज नॉट गो’, ‘नॉट गो’ आणि ‘नॉट वेंट’ होतं. तिनं ‘डिड नॉट गो’ घेतलं. ‘नॉट गो’ तिला तुटलेलं वाटलं.

“तू मराठीत काय म्हटलंस?”

“तिनं एकटीनं जाऊ नये.”

‘जाऊ नको’ नाही, ‘जात नाही’ नाही. ‘जाऊ नये’. विध्यर्थाला मराठीत नकारही वेगळा आहे, ‘नाही’ तिथं चालत नाही. इंग्रजीतही ‘डू’ आणि ‘डिड’ तिथं चालत नाहीत, नुसतं ‘नॉट’ मूळ रूपाच्या अलीकडे उभं राहतं. मी हे तिला शिकवलंच नव्हतं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तिनं वही काढली, लाल चौकटीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: नये = नॉट + व्ही-वन.